बारा नंबरचा खिळा

रविवार, १६ जानेवारी १९८३
वाशी

आले एकदाची. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि आईने बळेच कोंबलेली शेंगाचटणीची बरणी एवढा संसार घेऊन दुपारी एसटीने वाशीत उतरले. सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, रंगही एकच. झाड नाही, दुकान नाही, खाडीचा वास मात्र हवा तेवढा. हे शहर आखणाऱ्यांनी इथे माणसं येतील हे धरलं होतं, ती जेवतात हे धरलेलं दिसत नाही. कोथिंबिरीच्या काडीसाठी बायका जुन्या वाशीगावात जातात म्हणे. तरी मला जागा आवडली. बार्शीत मी कुणाची कोण, वय बत्तीस झालं तरी लग्न का नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ. इथे सगळेच नवे, कुणाकडेच कुणाचा इतिहास नाही.

खोली मिळाली ती माझ्या आधीचे अधिकारी नंदकुमार राजे यांच्या कृपेने. ते डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांनी कळवलं होतं की तिसऱ्या मजल्यावर बारा नंबरची जागा बघून ठेवली आहे आणि किल्ली तळमजल्यावरच्या काकांकडे मिळेल. काका दारातच उभे होते. साठीच्या आसपासचे, पांढरा नेहरू शर्ट, पायजमा, केस चापून बसवलेले. आधी हातावर तिळगूळ ठेवला, मग किल्ली. नको नको म्हणत असताना ट्रंक स्वतः वर चढवली. खोली झाडलेली होती, मोरीच्या कट्ट्यावर नवा माठ, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि आत काठोकाठ पाणी.

इथे नळाला पाणी येतं भरदुपारी, थोडाच वेळ, आणि तेव्हा अख्खी इमारत मुंबईला नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत गेलेली असते. म्हणून सगळे आपली एक चावी काकांकडे ठेवतात. पाणी आलं की काका घरोघर जाऊन पिंपं भरतात. मी म्हटलं, काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आज फार छान वाटतंय.

शेजारी अकरा नंबरात वैजयंती म्हणून आहेत. फोर्टात बँकेत नोकरी, यजमान सुभाष कारखान्यात. मुलगी मीना, चौथीत. तिने आल्या आल्या माझी ट्रंक उघडून आतल्या सगळ्या वस्तूंची चौकशी केली. आमचं जमणार.

सोमवार, १७ जानेवारी

ऑफिसात रुजू झाले. लोकांना सांगताना मी प्रोबेशन ऑफिसर म्हणते, मराठीत परिवीक्षा अधिकारी म्हटलं की समोरच्याला मी शाळा तपासायला आले असं वाटतं. काम सोपं सांगायचं तर असं: शिक्षेच्या आधी किंवा नंतर अटींवर बाहेर सोडलेल्या माणसांवर देखरेख ठेवायची, त्यांना उभं करायचं आणि घसरू द्यायचं नाही. त्यांचा गुन्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम. मला तो पटतो. सायकल चोरलेल्या पोराच्या कपाळावर आपण जन्मभर चोर लिहायचं नसतं.

साहेबांनी वाशीची प्रकरणं पुढे ठेवली. सगळ्यात वरचं उघडलं. रावसाहेब. देशावर एका तालुक्याच्या गावी शिकवण्या घ्यायचा. शिकवणीला येणाऱ्या एका लहान मुलीवर अत्याचार केल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा, उरलेली वर्षं देखरेखीखाली बाहेर. अट अशी की वाशीला बहिणीकडे राहायचं. पत्ता पुन्हा पुन्हा वाचला.

माझीच इमारत. तळमजला. काल हातावर तिळगूळ ठेवणारे काका.

साहेबांना विचारलं, हा माणूस बहिणीकडे राहतो का. तर बहीण गेल्या वर्षी वारली. पत्ता तोच आहे, मग अट पाळली गेली, असं साहेबांचं गणित. राजेसाहेब त्याला महिन्याला ऑफिसात बोलवायचे, चहा पाजायचे आणि 'वर्तणूक उत्तम' लिहायचे. त्याच्या घरी ते एकदाही गेले नाहीत. माझी जागा मात्र त्यालाच शोधायला सांगितली. त्यांचं सगळ्यात यशस्वी प्रकरण आहे ते.

जागा बदलायचा विचार मनात आला आणि लगेच राग आला. मी का जाऊ?

गुरुवार, २० जानेवारी

आमच्या ट्रेनिंगच्या सरस्वती मॅडम सांगायच्या, "माणूस काय बोलतो ते नंतर लिहा. त्यानं स्वतःभोवती काय जमवलंय ते आधी बघा." न कळवता जायचं, वेळ बदलून जायचं, तो देईल त्या खुर्चीत बसायचं नाही, त्याचा चहा घ्यायचा नाही. हे सगळं मनात घोकत आज दुपारी तळमजल्यावर गेले.

खोली स्वच्छ. बहिणीचा फोटो, चंदनाचा हार. लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. सापशिडीचा पट, ज्या घरात एकही मूल नाही तिथे. आणि भिंतीवर एक फळी, तिच्यावर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली निळ्या रंगात घराचा नंबर सुबक रंगवलेला. इमारतीतल्या प्रत्येक घराची चावी तिथे लटकत होती. एकच खिळा रिकामा. बारा.

त्याने खुर्ची पुढे केली, मी उभीच राहिले. त्याला सांगितलं की आजपासून तो माझ्या देखरेखीखाली आहे, चाव्या ज्याच्या त्याला परत करायच्या, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि एकाही मुलाला या खोलीत घ्यायचं नाही. त्याने शांतपणे ऐकलं.

"तुमची ऑर्डर निघाली तेव्हाच राजेसाहेबांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, बाई एकट्या येतायत, आपल्याच इमारतीत असलेल्या बऱ्या. एकमेकांवर लक्ष राहील."

मी दाराकडे वळले तेव्हा त्याने मागून आणखी विचारलं, "चाव्या परत करतो की. पण लोक कारण विचारतील. ते तुम्ही सांगाल, का मी सांगू?"

मला सांगता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. आमचे नियम त्याला माझ्याहून चांगले पाठ आहेत.

रविवार, २३ जानेवारी

चाव्या जिथल्या तिथे आहेत.

आज वैजयंतींकडे मुद्दाम जाऊन बसले. आडून आडून म्हटलं की परक्याकडे चावी ठेवणं बरं नव्हे, आणि मीना शाळेतून येते ती कुठे थांबते. त्या हसायलाच लागल्या. मीना शाळेतून आली की खाली काकांकडे जेवते, अभ्यास करते, संध्याकाळी आई येईपर्यंत तिथेच असते. "अहो, काका नसते ना, तर मला नोकरी सोडायला लागली असती. हप्ते कसे भरले असते आमी? तुमी टेन्शन घेऊ नका," त्या म्हणाल्या आणि मला साबुदाणा वड्याची बशी दिली.

वडे तसेच ठेवून परत आले आणि प्रकरणातली निकालाची प्रत काढली. त्या गावातही मुलीच्या आईबापांनी शेतावर जाताना घराची किल्ली त्याच्याकडेच ठेवलेली होती. गावाला अख्खा जन्म ओळखीचा असलेला माणूस होता तो तिथे. इथे तर कुणी कुणाच्या ओळखीचंच नाही, त्याला किती सोपं.

गुरुवार, २७ जानेवारी

सकाळी ऑफिसला जाताना माठातलं पाणी ओतून टाकलं होतं, त्याने दिलेल्या माठातलं प्यायचं नव्हतं म्हणून. संध्याकाळी आले. दाराला लॅच व्यवस्थित. खोलीत सगळं जागच्या जागी.

माठ भरलेला होता. वर ओलं फडकं, चारी बाजूंनी नीट दुमडलेलं. म्हणजे मला किल्ली देण्याआधीच त्याने तिच्यावरून दुसरी करून ठेवली होती.

मी माठ उचलला आणि गॅलरीतून खाली फोडला. तो वर बघत दारात उभा होता. मग आत जाऊन झाडू घेऊन आला आणि खापऱ्या गोळा करू लागला. शेजारपाजारचे त्याच्याकडे बघून हळहळले आणि माझ्याकडे बघून कुजबुजले.

शुक्रवार, २८ जानेवारी

साहेबांना अहवाल दिला. पाणी भरणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बंद घरात शिरणं हा तरी असेल. ते म्हणाले, त्याने चावी घेतली याचा पुरावा आणा. ऑफिसातल्या सगळ्यांचा सल्ला एकच, बाई, ती जागा सोडा.

जागा सोडली तर दुपारी त्या इमारतीत उरतं कोण? तो आणि चौथीतली मीना. मी नाही सोडणार. त्याला काय करायचं ते करू दे.

रविवार, ३० जानेवारी

नवा माठ आणला. दाराला नवं लॅच बसवून घेतलं. पोपट सुतार म्हणून आहे, या भागातली सगळी दारं त्याच्याच हातची. मी ठाण्याहून लॅच आणलं होतं, त्याने सकाळीच बसवलं. आतली कडी मात्र काढली, लाकूड कच्चं आहे, स्क्रू धरत नाहीत म्हणाला, मोठी कडी घेऊन येतो. नव्या लॅचच्या किल्ल्या हातात दिल्या. एक पर्समध्ये, एक गळ्यात दोऱ्याला. आता शिर म्हणावं.

आज पहिल्यांदा बरी झोप लागेल.

बुधवार, २ फेब्रुवारी

कामाची आखणीच बदलली. बेलापूर, तुर्भ्याकडच्या भेटी सकाळी उरकायच्या आणि दुपारी इमारतीत परतायचं. आज मीना शाळेतून आली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. शेंगाचटणी-पोळीचं आमिष दाखवून तिला वर नेलं. तो दारात उभा राहून हसत बघत होता.

मीना खूप बोलली. शाळेचं, बाईंचं, मांजराचं. काकांविषयी विचारलं तेव्हा मात्र तिने ओठावर बोट ठेवलं. काय गं, म्हटलं. तर म्हणाली, काकांचा एक खेळ असतो, गप्प बसायचा. जो आधी आवाज करील तो हरला. जिंकलं की काका खिळ्यांवर चाव्या लावायला देतात.

मी विचारलं, तू हरतेस की जिंकतेस.

"मी नेमी जिंकते," मीना म्हणाली.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

नियम मोडला. वैजयंतींना सगळं सांगितलं. गुन्हा, शिक्षा, गावाचं नाव, सगळं. नोकरी गेली तर गेली. सायकल चोरणाऱ्या पोरासाठी केलेल्या नियमाच्या आडोशाला हा माणूस बसलेला असेल तर तो नियम मी पाळणार नाही.

त्या पांढऱ्या पडल्या. सुभाष खाली गेले, खरं-खोटं विचारायला. कुणाला विचारायला? त्यालाच. तासाभराने वर आले ते डोळे ओले करून. काकांनी शिक्षा झाल्याचं कबूल केलं म्हणे. खोटी केस होती, शिकवणीच्या भांडणातून झालेली. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला म्हणे.

आता इमारतीत सगळ्यांना माझ्याविषयी कळलंय. त्याच्याविषयी कुणालाच कळलेलं नाही.

सोमवार, ७ फेब्रुवारी

साहेबांच्या टेबलावर अर्ज. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या. एकट्या राहणाऱ्या बाई, विचित्र वागतात, माठ फोडतात, निराधार वृद्धाची बदनामी करतात. सुभाषची सही सगळ्यात वर.

प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. सक्तीची रजा. गुप्तता मोडल्याबद्दल खुलासा द्यायचा. साहेब म्हणाले, पुरावा असता तर मी तुमच्या पाठीशी उभा राहिलो असतो.

पुरावा देईन, म्हटलं. तुमच्या टेबलावर आणून ठेवीन.

मीनाला माझ्याशी बोलायला बंदी. खाली त्याच्याकडे जायला बंदी नाही. दुपारभर जिन्यात बसून राहिले, त्याच्या दारासमोर, शेवटच्या पायरीवर. मीना आत असेपर्यंत मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते. बाजारभावापर्यंत सगळं वाचलं. त्याने दार लावलं तेव्हा दारावर थाप मारून उघडायला लावलं. रोज बसणार. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं.

बुधवार, ९ फेब्रुवारी

दुपारी पोस्टात जाऊन आले. थोडाच वेळ. खुलासा रजिस्टर करायचा होता.

माठ भरलेला आहे.

नवं लॅच. किल्ली माझ्या गळ्यात. दुसरी पर्समध्ये, आत्ता हातात धरून बघते आहे. दोन्ही माझ्याकडे आहेत. माठ भरलेला आहे. फडकं नीट दुमडलेलं.

पोपट अजून कडी घेऊन आलेला नाही. ट्रंक दाराला लावली. तिच्यावर बसून लिहिते आहे. भीती वाटते आहे, ती नाकारत नाही. पण इथून हलणार नाही.

गुरुवार, १० फेब्रुवारी
सकाळी

वैजयंती आल्या होत्या. ऑफिसची साडी, पर्स खांद्याला. बसल्या नाहीत. मीना आठवडाभर अंथरूण ओलं करते आहे. खाली जायचं नाव काढलं की खांबाला धरून बसते. काल तिला जवळ घेऊन विचारलं तर तिने ओठावर बोट ठेवलं. आईपुढेही.

"आजच्या दिवस तुमच्याकडे ठेवता?" त्या म्हणाल्या. "मी हाफ डे टाकून येते. उद्यापासनं मी घरीच. हप्ते गेले खड्ड्यात."

त्यांना रडू आलं, मलाही आलं. मग त्या बसला धावल्या.

मीना माझ्याकडे आहे. शाळेला पाठवली नाही. चित्रं काढते आहे.

दुपारी

वेणूबाई आल्या. इमारतीत भांडी घासतात, वाशीगावच्या. माझ्याकडे अजून येतात त्या एकट्याच. बोलता बोलता म्हणाल्या की बरं झालं, भांडण मिटलं वाटतं. मी विचारलं कसलं. तर म्हणाल्या, "तुमची चावी पन आता काकांकरंच हाय नं. खिल्यावर बगली मी."

बारा नंबरच्या खिळ्यावर.

पोपट. लॅचबरोबर तीन किल्ल्या येतात. मला दोन मिळाल्या. तिसरी त्याने नेहमीप्रमाणे खाली दिली, या इमारतीत प्रत्येक घराची देतो तशी. पोपट वाईट माणूस नाही. तसा रिवाजच आहे इथला. त्याला मागावीसुद्धा लागली नाही.

वेणूबाईंना म्हटलं, जा, ती चावी काढून आणा. तोच पुरावा.

त्या परत आल्या, धापा टाकत. खाली दार सताड उघडं. खिळा रिकामा. काका घरात नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलेत. इथून खाली जायला दुसरी वाट नाही. वेणूबाईंना म्हणाले, बारा नंबरचं पाणी भरायचंय, नळ यायची वाट बघतोय.

वेणूबाईंना पोलीस चौकीला पाठवलं. सांगितलं, पळत जा. त्यांना त्याने जाऊ दिलं. पायऱ्यांवर सरकून वाट दिली.

मीनाला घेऊन त्याच्या बाजूने उतरायचं? नाही. तो हात लावील एवढ्या अंतरावरून तिला नेणार नाही.

गॅलरीतून ओरडले. दोनदा. समोरच्या इमारतीत कोणी नाही. सगळे मुंबईत. तरी पुन्हा ओरडले.

ट्रंक दाराला लावली. तिच्यावर स्टोव्ह. वरवंटा हाताशी. मीना मोरीत, दार आतून लावून घ्यायला शिकवलं.

साहेब, पुरावा मागितला होतात. हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. वेणूबाईंना विचारा. पोपटला विचारा. तळमजल्यावरची फळी बघा. नाव रावसाहेब. बारा नंबरची चावी त्याच्या हातात आहे, आणि मी ती दिलेली नाही. मी ती कधीच —

नळ फुसफुसला. पाणी आलं.

पावलं. सावकाश. त्याला घाई नाही.

थांबला. बाहेर, दाराशी. हाक मारली, बाई, पाणी आलंय. मग मीनाला हाक मारली. गोड आवाजात. म्हणाला, मीना, आपला खेळ सुरू —

मीना आत गप्प. अगदी गप्प. श्वाससुद्धा —

नाही. हे नाही चालणार. मोरीतून तिला बाहेर आणलं. माझा हात धरून उभी आहे आता, लिहिताना बघते आहे. सांगितलं, मीना, आज खेळ उलटा. मी पण खेळणार. गॅलरीत जाऊन, गळा फाडून, खाडीपलीकडे ऐकू जाईल असं —

चावी घातली.

ट्रंक सरकते आहे.

मीना, आज जो आधी ओरडेल तो जिंक —